नेट नाई राह्यला

१२ जानेवारी

पुन्हा नेट! दर महिन्याचं तेच भांडण. मी म्हणतो, बहिणाबाई, पुरवून वापर. दामिनी म्हणते — दादा, बारावी सायन्स आहे, व्हिडिओ पाहा लागते, तुले काय समजते? बरोबर आहे. आठवी नापासले काय समजते!

पण आज हद्द झाली. पोट्टीनं बाबाले पुढं केलं. बाबा फोनवर कधी बोलत नाई. 'हाव, हाव' करते अन् मायच्या हाती देते. आज स्वतःहून बोलले — "नेट नाई राह्यला रे निकेश आता." बस, एवढंच. मी काही विचारलं नाई, डोकंच फिरलं. रिचार्ज मारला अन् दामिनीले मेसेज टाकला — बाबाले मागाले कायले लावलं? मी इथी माजरीत ट्रकचे टायर उचलून राह्यलो. घराकडं पाहाले शिक. तूबी जरा नेट लाव!

१३ जानेवारी

मेसेज वाचला तिनं. उत्तर नाई.

१५ जानेवारी

कोळशाच्या ट्रकचा एक नट अडला. पान्याले आम्ही तिघं लटकलो, हलते कायले! बिरजूभाऊ — दुकान त्याचंच — म्हणे, "अबे, तुम्ही रडून राह्यले अन् नट हसून राह्यला!" मंग पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला अन् एकट्यानं दाबला. कट्! संगचा मिथुन म्हणे, "भाऊ, मंतर मारला का?"

दामिनीचा फोन आला तं तिले सांगितलं. म्हणे, मंतर नाई दादा, दांडा लांब केला का जोर कमी लागते. पुस्तकात आहे. मंग म्हणे — "अन् एकदा धक्का देल्ला ना, हात काढून घेतला तरी वस्तू चालतच राह्यते. आपोआप नाई थांबत. थांबवाले दुसरं बल लागते."

मी विचारलं, रागावली का?

"नाई. तू म्हणला ते खरं आहे."

तेव्हापासून जिवाले चैन नाई. दामिनी अन् मले खरं म्हणते? जन्मात झालं नाई असं.

२१ जानेवारी

मायचा फोन. बाबा तलावात पडले! जाळं ओढता ओढता डोंग्यातून खाली. झाडूकाका जवळ होता म्हणून वाचले. मी ओरडलो — तब्येत अशी होती तं मले काऊन नाई सांगितलं?

माय म्हणे, "त्यायनं नाई सांगतलं का तुले? नेट नाई राह्यला मनून?"

"त्याचा तं मी रिचार्ज मारला!"

माय हसली. मंग रडाले लागली. "मोबाइलचा नाई रे येड्या! आंगातला!"

दोन महिन्यांपासून दम लागून राह्यला. पाय सुजले. पण बाबानंच दोघींले बजावलं होतं — निकेशले सांगू नोका, काम सोडून पळून येईन. खोटं नाई. तीन कामं सोडली मी. कुठी बूड टेकतच नाई माझं. तरी त्या दिवशी त्यायले राहवलं नाई. जन्मात पहिल्यांदा बापानं पोराले आपलं दुखणं सांगितलं. अन् मी त्यायले अठ्ठावीस दिवसांची व्हॅलिडिटी देल्ली!

२२ जानेवारी

बिरजूभाऊले सुट्टी मागितली. "जा ना बाबू. मंग तिकडंच राहा." थोबाड पाडून परत टायरपाशी.

२४ जानेवारी

बाबाची तपासणी काल झाली. सरकारी दवाखान्यात पुढच्या महिन्याची तारीख होती म्हणून गडचिरोलीत प्रायव्हेटमध्ये केली. डॉक्टर म्हणे, हृदय रक्त ढकलते, पण जोर अर्ध्यावर आला. गोळ्या सोडायच्या नाई. काही ओढायचं नाई.

दिवसभर तेच डोक्यात. दामिनीच्या भौतिकच्या पुस्तकात बल आहे. दहावीच्या इतिहासात ती पाठ करे — चळवळीले चालना मिळाली. तिचे मराठीचे सर प्रेरणा, प्रेरणा करते. डॉक्टरपाशी जोर, बाबापाशी नेट. इतके जण शिकले, प्रत्येकानं आपापलं नाव ठेवलं. तो निघून जाते तेव्हा कुठी जाते, हे कोण्या पुस्तकात आहे?

पैसे कुठून आले म्हणलं तं माय म्हणे, दामिनीनं केली सोय, कॉलेजातून. अन् दामिनी कुठी आहे? "कुरखेड्याले. मैत्रिणीपाशी, अभ्यासाले." मायनं फोन शेजारच्या सुकरीबाईचा घेतला होता, घरचा दामिनीनं नेला.

बरं वाटलं. मंग नाई वाटलं. कॉलेज कधीपासून पैसे वाटाले लागलं?

२७ जानेवारी

दामिनी फोन उचलत नाई.

३० जानेवारी

उचलला! मागं बायांचा गलका, कोणी माणूस तेलुगूत ओरडून राह्यला. मी म्हणलं, प्रॅक्टिकल झालं का? "झालं." काय आलं होतं? नुसत्या शिंका. एकावर एक, एकावर एक.

"सर्दी झाली का?"

"हाव."

मिथुन बाजूले बसून ऐकून राह्यला होता. म्हणे, "हे सर्दी नाई बे. माझी माय अशीच शिंकते, मिरची तोडाले गेली का."

मी म्हणलं, दामू, खरं सांग. तवा सांगितलं. तेलंगणात आहे, खम्ममकडं. मुकादमापासून मजुरीची उचल घेऊन बाबाची तपासणी केली अन् दुसऱ्याच दिवशी गाडीत बसली. मायले शपथ घातली. मुकादम होळीपर्यंत सोडत नाई म्हणते.

पेपर अकरा तारखेपासून आहे! म्हणलं, तुले कोणं पाठवलं तिकडं?

"तूच तं म्हणला. नेट लाव."

३१ जानेवारी

कॉलेजच्या सरायले फोन केला. म्हणे, तीन तारखेपर्यंत आणा, प्रॅक्टिकल घेतो. मुकादम म्हणे, उचल फेडा अन् पोरगी न्या.

बिरजूभाऊपासून मीबी उचल घेतली. "पावसाळा लागेपर्यंत इथून हलाचं नाई," म्हणला. हाव म्हणलं. बाबाले पाहणं आता तवाच.

तिची उचल पाच हजार. गाडीभाडं अन् वाटेत खायाले आठशे. पाठवले — ५८०० रुपये.