बनियनवाला बाप्या

॥ श्री ॥
नगर, ६ सप्टेंबर १९७१

चि. शामकांत यास नारायणदादाचे अनेक आशीर्वाद.

धाकटा भाऊ ड्रॉइंग मास्तर, गणपतीत काही कलेचं दाखवत असेल म्हणून मुद्दाम राहुरीला आलो. आणि पाहिलं काय? पडद्यामागे दिवा, दोऱ्यांनी हलणारी पुठ्ठ्याची माणसं, आणि त्यांच्या घरात एक बनियनवाला बाप्या! पहाटे गल्ली उठेल अशा गुळण्या करतो, आमटी भुरकतो, बायको पोळ्या लाटत असताना स्वतःचं जेवण उरकतो, ताटातच हात धुतो आणि वर ढेकर देतो. शी! शिसारी आली मला. शेजारी बसलेला छगन शिंपी मांडी बडवून म्हणत होता, की ह्यो तर आमच्याच घरचा हाय!

रोज नवा भाग म्हणे, आणि दहाही दिवस गाव लोटला. कशाला, तर हा ओंगळपणा बघायला! बनियनचं भोकसुद्धा माझ्या बनियनला आहे त्याच ठिकाणी. घरची अब्रू वेशीला टांगलीस. पुढच्या वर्षी खेळ बंद, असं लिहून कळव. नाहीतर दिवाळीला या घराची पायरी चढू नकोस.

रागावलो तरी आशीर्वाद आहेतच.
नारायण

राहुरी, ११ सप्टेंबर

ती. दादांस शामकांतचा शि. सा. न. वि. वि.

दादा, तो तुम्ही नव्हे हो, ते आपले वडील, अण्णा! गुळण्या, भुरके, ताटात हात धुणं, सगळं त्यांचं. आणि सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी एकटी गार भात खाणारी ती आई. तुम्ही ढेकराशीच उठून गेलात. लोक येतात ते त्यापुढचं पाहायला. कितीही भांडण होवो, शेवटी तो बाप्या दारापर्यंत जाऊन गुरगुरत परत येतो, बायकोला पाट मांडतो, वाढतो आणि तिचं होईपर्यंत समोर बसतो. तेवढं मी मनचं घातलं. तिथे बायका हसता हसता डोळे पुसतात.

खेळ बंद करणार नाही. दिवाळीला दाराशी येऊन उभा राहीन. आत घ्यायचं की नाही, तुम्ही ठरवा.

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
आपला, शामकांत

नगर, २० सप्टेंबर

चि. शामभाऊजींस दमयंतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र ह्यांनी वाचून भिरकावलं. आता अण्णांना पुठ्ठ्यात कापलं म्हणून नवा संताप. आठवडाभर नुसते फणफणत होते.

काल रविवार. दुपारी जेवले, ढेकर दिला, दारापर्यंत गेले आणि परत आले. तोंड असं, की कारल्याचा रस प्यायलेत. पाट आदळला आणि मला बस म्हणाले. भात वाढला तो डोंगराएवढा, निम्मी आमटी जमिनीवर. मग आठ्या घालून, आढ्याकडे बघत समोर बसून राहिले. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. मी जेवत होते, भाऊजी, पण हसू येतंय की रडू, तेच कळेना.

दिवाळीचं विचारलं. म्हणाले, येऊ दे त्याला, पण तो ओंगळ बाप्या घरात आणायचा नाही.

ताटात हात मात्र अजून धुतात. मला किती किळस येते त्याची, पण इतकी वर्षं बोलायची छाती झाली नाही. पुढच्या वर्षी तुमच्या बाप्याला मोरीवर जाऊन हात धुवायला लावा. ह्यांना मी पुढे बसवीन, आणि शेवटपर्यंत उठू देणार नाही.

करंज्या राखून ठेवणारी,
वहिनी