रुळाची घंटा आणि धनराजचा दिवाण

मी, इसरू दसरू ठेमस्कर, वय बहात्तर, धंदा सुतारकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार चिंचबोडी, तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा धाक नाही. बायको चार वेळा "लिहून टाका एकदाचं" म्हणाली, पण त्याला धाक म्हणत नाहीत असे वकील नंदिनीबाई सांगतात.

कलम १. राहते घर पत्नी अन्नपूर्णा हिला, तिच्यामागे मुलगी रिना हिला. मागच्या दाराची कडी मी दहा वर्षांपासून बसवणार आहे. ती न बसवलेली मिळेल.

कलम २. रंधे, करवती, वाकस, पटाश्या रिनाला. ती शाळेत शिकवते, पण रंधा जावयापेक्षा सरळ धरते. जावयाने वाईट वाटून घेऊ नये, त्याला माझी सायकल दिली आहे.

कलम ३. बँकेतली ठेव अन्नपूर्णेला. तिने ती जपत बसू नये. आधी दात करून घ्यावेत.

कलम ४. गावच्या चर्चमधले सगळे बाक मी फुकट करून दिले, हे सर्वांना माहीत आहे, कारण मीच सांगत असतो. पहिला बाक मी वीतभर जास्त रुंद केला आणि तीस वर्षे त्यावर बसलो. एकदा अन्नपूर्णेने विचारले, "तुमी देवासाठी जाता का बाकासाठी?" मी उठून बाकाला पॉलिश करायला गेलो. खरे सांगायचे तर तरुणपणी मी चर्चला जायचो ते बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत ती बसायची म्हणून. लग्नानंतर ते कारण घरातच आले. मग लोकांनी "इसरूभाऊ आले" म्हणावे म्हणून जाऊ लागलो. प्रभूही मनात होता, पण उशिरा आलेल्या माणसासारखा दाराशी उभा. तर तो बाक गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना द्यावा. खालून माझे नाव कोरलेले आहे, ते रिनाने रंधून टाकावे.

कलम ५. आमच्या चर्चची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो वाजवायचा लोखंडी दांडा माझ्याकडे असतो. निंबाच्या पलीकडे धनराजचे अंगण. धनराज हिंदू शेतकरी, माझा लहानपणचा सोबती. बावीस वर्षांपूर्वी त्याने लेकीच्या लग्नाचा दिवाण चंद्रपूरच्या दुकानातून आणला. शेजारी सुतार असताना! तेव्हापासून दर रविवारी पहाटे पाचला मी पहिली घंटा देऊ लागलो, चाळीस टोले, तोंड त्याच्या खाटेकडे करून. उपासना नऊची असायची. पाळक सुनिल यांनी माझ्या आवेशाचे कौतुक करत एकदा अख्खे प्रवचन दिले. मी मान खाली घालून ऐकले, आणि सर्वांना ती नम्रता वाटली.

यंदा श्रावणात चर्चची कौले फिरवताना पडलो, पाय प्लास्टरमध्ये गेला. सात रविवार मी खाटेवर, तरी घंटा वाजत होती. आठच्या ठोक्याला, मोजून बारा टोले. मला वाटले, पाळकच देतात. सातव्या रविवारी कुबडी घेऊन खिडकीशी गेलो तर छत्री काखेत धरून धनराज आपल्या पहारीने टोले देत होता. काऊन, म्हणून विचारले.

तो म्हणाला, "तुह्या लोकायले इतवार कसा समजन? म्हणून वाजवून राह्यलो. झोप तू."

त्याने हे कोणालाही सांगितले नव्हते. मला फार लाज वाटली. म्हणून हा दांडा मी धनराजला देतो, आणि त्या चाळीस टोल्यांची त्याची माफी मागतो.

कलम ५ रद्द. कारण असे. धनराजला मी साक्षीदार केले आहे, आणि नंदिनीबाई म्हणतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. साक्षीदार बदला म्हणाल्या. अन्नपूर्णा म्हणाली, "जितेपणी द्या ना हातानं. मेल्यावर माफी मागणं सोपं हाय."

तिचे बरोबर होते. मी मेल्यावर वाचायला मिळेल अशा बेताने ती माफी लिहिली होती. काल दांडा घेऊन कुबडीवर पलीकडे गेलो. सगळे सांगितले, टोल्यांसकट.

धनराजने दांडा हातात फिरवून पाहिला, भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "मले ठाऊक होतं. दिवाण दुसऱ्याच वर्षी मोडला, इसरू. मंग तुले कोन्या तोंडानं सांगू?"

लेकीने तो माहेरी परत पाठवला होता. वीस वर्षे त्याच्या कोठ्यात, पोत्यांखाली पडून आहे. आम्ही दोघे पोटात दुखेपर्यंत हसलो.

कलम ६. सदर दिवाण मी दुरुस्त करणार आहे. साग चांगला आहे, सांधे भिकार आहेत. काम पुरे होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी प्रभूला विनंती.

आज घंटा धनराजने दिली. माझ्या हातात दांडा नव्हता, पहिल्या बाकावर म्हातारे बसले होते, लंगडत आल्यामुळे उशीरही झाला. दाराशी जागा मिळाली. तरी गेलो, हे येथे नमूद करतो.

लिहून देणार: इसरू दसरू ठेमस्कर (सही)

आमच्यासमोर सही झाली, म्हणून साक्षीदार:
१. धनराज (सही)
२. पाळक सुनिल (सही)

ठिकाण: चिंचबोडी, धनराजचे अंगण
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, उपासनेनंतर