सावळी, आत्याकडून

प्रिय अर्णव,

हे पत्र ज्योतीच्या हाती पाठवते आहे. ती माझ्याच ऑफिसात आहे, आणि उद्या सकाळी दोन दिवसांसाठी नेवाशाला माहेरी येते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यं धड पुरी करू देत नाहीस आणि तिसऱ्याला "ताई, चिल" म्हणतोस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून कागद घेतला. आधी एकट्याने वाच. आत्या स्वयंपाकघरात असेल तेव्हा गच्चीवर जाऊन वाच. पुढे काय करायचं ते शेवटी सांगते.

तुझा व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. आमच्या कंपनीने पोस्टरवर काय दिलं होतं? शाळकरी मुलांसाठी मराठी टॅबलेट, गडद करडं अंग, लाकडी रंगाची कड, आणि खाली एक ओळ, की नाव पाडव्याला कळेल. एवढ्यावर तू नऊ मिनिटं बोललास. पाटी, ओनामा, अक्षरा, गुरुजी. इथपर्यंत मीही हसत होते, 'गुरुजी' नावाचा टॅबलेट मुलं उघडणार तरी कशी म्हणून. मग तू खुर्चीत मागे रेललास आणि म्हणालास, "पाचवा अंदाज आपला एकदम हटके. सावळी." खाली कॉमेंटमध्ये कुणी भीमा विचारतो, "भाऊ, ह्ये नाव कुठनं काढलं? लई भारी हाय." आणि तू त्याला उत्तर देतोस, "अनुभव, भावा." अनुभव. बावीस वर्षांचा झालास, अजून स्वतःचे मोजे स्वतःला सापडत नाहीत, आणि अनुभव.

तुझा अंदाज बरोबर आहे. हे मी आता लिहू शकते, कारण काल कंपनीनेच नाव जाहीर करून टाकलं, तुझा व्हिडिओ फार फिरायला लागला म्हणून. तोवर ते नाव ऑफिसात नऊ जणांना माहीत होतं आणि त्या नवांत मी एक. तू मागच्या एका व्हिडिओत मोठ्या अभिमानाने सांगितलं आहेस की तुझी ताई तिथे कामाला आहे. पुढचं जोडायला कोणाला वेळ लागतो? माझे वरिष्ठ, सुनील सर, यांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. कंपनीचं गोपनीय नाव मी घरी बोलताना अनवधानाने उघड केलं, असं त्यात माझ्या वतीने लिहिलेलं आहे. सोमवारी अकरा वाजता मालकांसमोर सही करायची. केली तर प्रोबेशन तीन महिने वाढेल आणि विषय मिटेल. नाही केली तर, "मग बघावं लागेल." हे सगळं फार मऊ आवाजात. "मधुवंती, छोटी गोष्ट आहे. एक सही."

अर्णव, मी अवाक्षर बोललेले नाही. दिवाळीत तू मागून आलास की मी लॅपटॉप मिटायची, आठवतं ना? तू आईला सांगितलंस, ताईचं लग्न ठरलंय वाटतं. बाबांनी तीनदा विचारलं, नक्की काय बनवता तुम्ही, तेव्हा मी "शैक्षणिक साहित्य" म्हणाले आणि रात्रभर मला वाटत राहिलं की तेवढंही बोलायला नको होतं. आणि त्याच माझ्याकडून आता लिहून घेताहेत की मी बोलले.

पण खरा राग याचा नाही. नावं सुचवायला ऑफिसात एक पेटी ठेवली होती. मी चिठ्ठी टाकली. 'सावळी' लिहिलं, खाली दोन ओळींत कारण, त्याखाली 'आत्याकडून', आणि मग माझं नाव. दहा दिवसांनी नाव ठरवायच्या बैठकीत आम्ही नऊ जण होतो, तिथे सुनील सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या आजोळी एक पाटी होती. आम्ही तिला सावळी म्हणायचो. आजी सांगायची, हिच्यावर काहीही लिहा, उठून दिसतं." ते वाक्य, अर्णव. जसंच्या तसं. मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सांगायची लाज वाटते, पण मीही वाजवल्या. नोकरीला आठ महिने झाले होते, हात आपोआप वर गेले. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

आता तूच बघ, तुझं आणि त्यांचं काय वेगळं आहे. आपल्या घरात एकच कायदा होता. दुसऱ्याकडून कळलेलं उत्तर लिहिलं, तर खाली कोपऱ्यात 'कडून' लिहायचं. मला सारखा ताप यायचा म्हणून पहिली-दुसरी मी घरीच आत्याजवळ शिकले, आणि बेरजेआधी मला हा कायदा आला. तू तर त्याचा कळस केलास. 'गायीला चार पाय असतात, ताईकडून.' आत्या हसून हसून खाली बसली, म्हणाली, अरे, एवढे तरी स्वतः मोजायचे. तोच तू आज चाळीस हजार लोकांसमोर सावळी म्हणतोस आणि कोपरा कोरा ठेवतोस. सरांनी चोरी केली असं मी म्हणते, तर तुला काय म्हणू? ते निदान परके आहेत.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास. मी आतल्या खोलीत तापात पडले होते आणि बाहेर आत्याला बघायला पाहुणे आले होते. त्या वर्षातले चौथे. पोहे झाले, चहा झाला, मग त्यांच्यातल्या एक बाई आईला म्हणाल्या, "बाकी सगळं छान हो. पण मुलगी सावळी आहे." आवाज खाली न आणता. ते गेल्यावर आत्या आत आली. तिने माझी पाटी घेतली, ओल्या फडक्याने पुसली, वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मधू, आजपासून हिचं नाव सावळी. हिच्यावर काहीही लिही, उठून दिसतं." नंतर दाभण तापवून तिने पाटीच्या लाकडी कडेवर ते नाव कोरलं. पाचवे पाहुणे तिने येऊच दिले नाहीत. आपण दोघं त्या पाटीवर शिकलो, आणि तुला वाटत आलं की ते गमतीचं नाव आहे.

सोमवारी मी सही करणार नाही, हे ठरलं आहे. माझा भाऊ ते नाव ओळखू शकला, कारण ती पाटी आमच्या घरात आहे, एवढंच मी सांगणार. चिठ्ठी सरांकडे आहे, ती निघणार नाही. दाखवायला पाटी हवी. पण काल रात्री चिठ्ठीतलं एकेक अक्षर आठवताना माझ्या लक्षात आलं, की मी 'आत्याकडून' लिहिलं, पण आत्याला विचारलं नाही. सरांनी मला विचारलं नाही, तू मला विचारलं नाहीस, आणि मी तिला. तिच्या अंगावर फेकलेला शब्द तिने घरातल्या घरात गोड करून घेतला होता, तो मी परस्पर पेटीत टाकला. आता तो हजारो खोक्यांवर छापला जाणार आहे. म्हणून हे पत्र. ते तुला लिहिलं आहे, पण आहे तिच्यासाठी. आता खाली जा, गॅस बंद कर, तिला बसव आणि पहिल्यापासून सगळं वाचून दाखव, पाहुण्यांचंसुद्धा. काही गाळू नकोस, तिला गाळलेलं लगेच कळतं. मग तिला विचार, हे नाव बाहेर गेलेलं चालेल का. घाई करू नकोस, मधे बोलू नकोस. ती हो म्हणाली तर रविवारी ज्योतीबरोबर पाटी पाठव, साडीत नीट गुंडाळून. नाही म्हणाली तर पाठवू नकोस, मी मालकांना सांगेन की हे नाव देण्याचा हक्क मला नव्हता, ते परत घ्या. मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. रविवारी संध्याकाळी मी इथे तारकपूर एसटी स्टँडवर उभी असेन, ज्योतीच्या हातांकडे बघत. आणि तू तेवढा भीमाला खरं उत्तर दे. बाकी या पत्रातलं सगळं माझं आहे, म्हणून कोपऱ्यात काही लिहिलेलं नाही. फक्त सही न करणं तेवढं आत्याकडून.

तुझीच, रागावलेली आणि वाट बघणारी,
मधूताई