खाऱ्या टाकीला ताजं पाणी

आई, तुझ्याशी आजच बोलायचं आहे, आणि पाचच्या आत बोलायचं आहे. पाच वाजता एक माणूस आमची माशांची टाकी पाहायला येऊन राहिला. पसंत पडली तर उचलूनच नेणार. मी सांगते आणि नात लिहिते. तिला म्हटलं, माझ्या आईला पत्र लिहायचं आहे. ती म्हणाली, "आजी, अभी? त्यांना जाऊन तर किती वर्षं झाली." म्हटलं, मग अजून किती उशीर करू? तर बसली आहे बिचारी, तोंड उतरलेलं, वही मांडीवर. मीच बसत नाही. एकदा टाकीपाशी जाते, एकदा खिडकीपाशी. ती म्हणते, आजी, एका जागी बस, तुझं अर्धं बोलणं स्वयंपाकघरातच राहून जाते.

टाकी म्हणजे काय ते आधी सांगते, तुझ्या काळात हे चोचले नव्हते. काचेची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात मासे, आणि ते खायचे नाहीत, नुसते पाहायचे. त्यातही आमच्या या लिहिणाऱ्या बाईसाहेबांना नर्मदेतल्यासारखे गोड्या पाण्यातले मासे नको होते, समुद्रातले पाहिजे होते. जबलपुरात समुद्र. ओमती भागातल्या माशांच्या दुकानदाराने तिला हात जोडले, "दीदी, यहाँ लोग गोल्डफिश नहीं सँभाल पाते." ही ऐकते काय? बँकेत नवी नोकरी, पगार बेताचा, पण डोक्यात घेतलं की घेतलं. नेपियर टाउनमध्ये दातांच्या एका डॉक्टरकडे जुनी टाकी अडगळीत पडली होती, ती स्वस्तात मिळाली. ऑटोत माझ्या मांडीवर ठेवून आणली. ऑटोवाला विचारतो, "अम्मा, इसमें क्या रखोगी?" म्हटलं, "समंदर, भैया. गड्ढे देख के चलाओ."

मग पैसे वाचवायच्या हजार युक्त्या. मी म्हटलं, दगडच पाहिजे तर भेडाघाटचा संगमरवर आण, ढीग पडला आहे. नाही म्हणे, भोकाभोकाचा दगड लागते, त्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव घर करतात आणि माशांची घाण खातात. मीठही आपलं चालत नाही, त्याचं वेगळं पुडकं येते. ते बादलीत घोळायचं, दिवसभर फिरत ठेवायचं. आणि एवढं सगळं झाल्यावर महिनाभर टाकीत मासाच नाही. रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर खाणं टाकायची आणि सडू द्यायची. शेजारीण येऊन विचारते, मासे कुठे आहेत? मी सांगायची, अजून त्यांची बदलीची ऑर्डर आली नाही. पण आई, मला ते आवडलं. दही विरजल्यावर भांडं हलवू नये, तशी पोरगी थांबली. आजकाल थांबते कोण?

शेवटी आले. दोन नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, नव्या नवरा-नवरीसारखे एकमेकांच्या मागेमागे. चार शंख, काचेवरचं हिरवं शेवाळ चाटायला. आणि एक लाल झिंगा, पांढऱ्या मिशांचा, आमच्या घरातला सगळ्यात टापटीप माणूस. आणि नातीने मला काम दिलं. हे तू नीट ऐक. या घरात मला कोणी काम सांगत नाही. सुनेच्या हातात घर आहे, ती चांगली आहे, म्हणते, आई, तुम्ही आराम करा. आराम करून करून माझे हात मेले होते. नात म्हणाली, आजी, पाणी तुझ्याकडे. काचेवर तिने एक पट्टी चिकटवली. उन्हानं पाणी उडून पट्टीच्या खाली गेलं की डब्यातलं मशीननं गाळलेलं साधं पाणी पट्टीपर्यंत टाकायचं, मिठाचं नाही. पाणी उडते, मीठ खालीच राहते, असं ती मला समजावून राहिली होती. म्हटलं, आटलेल्या आमटीत मी साठ वर्षं मीठ नाही, पाणीच टाकत आली आहे, पुढे बोल. मीठ मोजायची काचेची नळी असते, पाण्यात तरंगते. तिच्यावरचे आकडे मला येत नाहीत, म्हणून तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पाणी ठिपक्याला असलं की ठीक. दोन महिने पाणी ठिपक्यावरून हललं नाही, आई. मी रोज पाहायची, सुनेलाही बोलावून दाखवायची.

मग नात आठ दिवस ट्रेनिंगला भोपाळला गेली. जाताना डबे भरून ठेवले. दोन दिवस मी तेच टाकलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि मला तू दिसली. वऱ्हाडातलं आपलं घर, चैत्राचं ऊन, पोस्टमन दारात उभा. मी आठ-नऊ वर्षांची. त्याला मी रांजणातलं कालचं पाणी दिलं. तू धावत आली, पेला त्याच्या हातातून काढून घेतला, त्याच्यासमोरच माझ्या पाठीत धपाटा घातला. "दारात आलेल्याला शिळं पाणी देते काय? जनावरालाही देऊ नाही." आणि तांब्याच्या कळशीतलं त्याला दिलं. तीच कळशी तू मला लग्नात दिली. ती मी अजून रोज चिंचेनं घासते, रोज भरते. सांग आता, प्लास्टिकच्या डब्यात तीन दिवस झाकून ठेवलेलं पाणी मी त्या लेकरांना कसं देऊ? मी डबे मोरीत उपडे केले. आणि सहा दिवस त्यांना तांब्याच्या कळशीतलं ताजं पाणी दिलं. पट्टीपर्यंत, बरोबर.

नात परत आली तेव्हा झिंगा एका कुशीवर पडला होता. दुसऱ्या दिवशी शंख उलटे झाले, एकेक करून चारही. मासे आहेत, पण दगडामागे. पोरीने मीठ तपासलं, पुन्हा तपासलं, टाकीचं मशीन उघडलं, फोनवर कोणाकोणाला विचारलं. शेवटी म्हणाली, "सस्ते में करने चली थी, आजी. माझीच गलती. जुनी टाकी, हलकं सामान. आपल्याच्यानं होत नाही." आणि माणूस ठरवला, आज पाचचा. मला कळशीचा संशय आला तो परवा. ओमतीच्या दुकानदाराला नातीच्या बापाच्या फोनवरून मीच गुपचूप विचारलं. तो म्हणाला, "अम्मा, ताँबा? झींगे-शंख के लिए तो जहर है." दोन दिवस झाले, ते मी तोंडात धरून फिरून राहिली.

इथे तिनं लिहिणं थांबवलं. वही बाजूला ठेवली, टाकीपाशी गेली. पाठमोरी. म्हटलं, बोल काहीतरी, रागाव. ती म्हणाली, "सहा दिवस? पूरे छह?" म्हटलं, हो. "आणि मला काहून नाही सांगितलं? मी रात्रंदिवस हिशोब लावून राहिली, कुठे चुकलं, कुठे चुकलं." मग ती फोन घेऊन बाहेर गेली. मी ऐकत होती. त्या माणसाला म्हणाली, "भैया, मत आइए. टाकी खराब नहीं है." परत आली, नाक पुसलं, पुन्हा वही घेतली. म्हणते, पाणी थोडं थोडं करून बदलावं लागेल, तांबं शोषायला कोळशाची थैली आणून टाकावी लागेल, झिंगा मात्र वर्षभर नाही. मग म्हणाली, "आणि आजी, पाणी आता मी टाकीन." मी म्हटलं, बरं. तिनं वहीचं पान उलटलं. "महिनाभर मी टाकीन," म्हणाली. "मग पाहू."

आई, खरं सांगते. त्या पाच जिवांचं वाईट वाटलं, पण दोन दिवस जे गिळून बसली होती ते त्यांच्यासाठी नाही. माझं काम जाईल, त्याची भीती होती. या वयात दुसरं कोण देणार?

नात विचारून राहिली, हे पत्र आता कुठे पाठवायचं, ग्वारीघाटला नर्मदेत सोडायचं काय? मी नको म्हटलं. तिला सांगितलं, तुझ्या पणजीला अक्षर येत नव्हतं, माझ्यासारखंच. पाठवलं तरी ती कोणाकडून वाचून घेणार? तिचं पेन थांबलं. "मग लिहायला काहून लावलं?" म्हणते. "पोरी, तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती म्हणून," असं मी तिला म्हटलं, आणि तेही लिही म्हटलं.