डांबरावर न वळणारी पिकअप

वस्ती न्हावरे, गुरुवार, सकाळच्या धारा काढून झाल्यावर

पाव्हणं मल्हारीभाऊ, मुक्काम दौंड, यांना हौसरावचा लांबूनच रामराम.

वर 'सप्रेम' लिहायची आपल्यात रीत हाय, पण देवाला भिऊन खोटं लिहीत न्हाई. तुमची तब्येत कशी हाय? गुडघा दुखायचा थांबला का? (दुखत असला तर मला लई बरं वाटंल, पण साडूला विचारावं लागतं म्हणून विचारतो.) तुमच्या मंडळींचा यात काडीचा दोष न्हाई, त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांची थोरली बहीण, म्हंजी आमची मंडळी, खुशाल हाय. म्हशी खुशाल. आमची लेक प्रतिभा खुशाल. पिकअप सोडून घरातलं सगळं खुशाल हाय.

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना ह्यो बाबा पत्र का लिहितो. तर मागच्या बुधवारी मी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली हाय की मल्हारीशी तोंडानं एक शब्द बोलणार न्हाई. लिहायचं काही त्यात ठरलं नव्हतं. आपल्या सासूबाई पार्वतीबाई उद्या तुमच्याकडं दौंडला यायच्यात, त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याच्या लाडवाखाली हे पत्र घालतोय. लाडू तुमच्यासाठी न्हाईत, मुलांसाठी हायत. तुम्ही हात लावायचा न्हाई.

मूळ दुखणं काय होतं ते तुम्हाला ठाव हाय, तरी परत सांगतो, कारण तुम्ही ते नीट ऐकलंच नव्हतं. आमची वस्ती डांबरी सडकेपासून दीड किलोमीटर आत, आन् मधी सगळी काळी माती. पाऊस झाला की तिचा असा चिखल व्हतो की माणसाची चप्पल मागं राहती आन् माणूस पुढं जातो. प्रतिभानं कंपनीतली नोकरी सोडून दुधाचा धंदा धरला, ही थोरली पिकअप घेतली, आन् शिक्रापूरच्या एका कॅन्टीनचं काम स्वतःच्या जिवावर मिळवलं. रोज सव्वीस कॅन, पहाटे सहाच्या आत. सहा वाजून एक मिनिट झालं तर दूध घेत न्हाईत, चहाची पाळी निघून जाती म्हणं. या पावसाळ्यात दोनदा गाडी चिखलात रुतली आन् दोनदा दूध घरी परत आलं. कॅन्टीनच्या साहेबानं तिला तोंडावर सांगितलं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर दुसरा दूधवाला बघतो. पोरीनं दोन दिवस नीट जेवण केलं न्हाई. मला लई लागलं ते. कुठल्या बापाला लागणार न्हाई?

रुतायचं कारण असं, की डावं मागचं चाक भिंगरीसारखं फिरायचं आन् उजवं ढिम्म. हे सगळं त्या डिफरन्शियलचं करणं. मागच्या दोन चाकांच्या मधी जो लोखंडी गोळा असतो ना, त्याच्या पोटात चार दातेरी चाकं असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून त्यांना मोकळीक द्यायला ते केलेलं असतं. खळ्यात मळणीला बैल जुंपतात तवा मधल्या खांबाजवळचा, तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरतो आन् कडेचा निम्मा गाव हिंडतो, तसंच. पण चिखलात तीच मोकळीक नडती. जे चाक नुसतं घसरतं त्यालाच सगळी ताकद जाती, आन् ज्याचे पाय जमिनीवर हायत ते उपाशी. (गावाचा कारभार असाच चालतो, पण तो विषय परत कवातरी.)

प्रतिभा शिरूरच्या मिस्त्रीकडं जाऊन तीन पर्याय वहीत लिहून घेऊन आली. पहिलं लिमिटेड स्लिप, त्यात पातळ प्लेटा असतात, त्या घसरत्या चाकाला थोडं आवरतात, पण चाक पार अधांतरी झालं की हात टेकतात. दुसरं आपोआप लॉक व्हणारं, ते चिखलात झ्याक, पण वळणावर कटाकट वाजतं आन् हिसके देतं. तिसरं बटणाचं. डांबरावर मोकळं ठेवायचं, चिखल आला की बटण दाबायचं, दोन्ही चाकं एकत्र फिरत्यात, चिखल संपला की परत बंद. पोरगी म्हणाली, बाबा, हे तिसरंच बसवू, मी मिस्त्रीला सांगून आले. किती सरळ गोष्ट! आन् मी काय म्हणालो? मी म्हणालो, थांब, आधी दौंडच्या काकांना विचारू.

का विचारलं सांगू का? तुमची अक्कल मोठी म्हणून न्हाई, तुमचा रुसवा मोठा म्हणून! गेल्या वर्षी पिकअप घेतली तवा तुम्हाला विचारलं न्हाई. पूजेच्या जेवणाला तुम्ही आलात, ओट्यावर बसलात, आन् वाढलेल्या ताटाला हात लावला न्हाई. म्हणं पोट भरलंय. सासूबाई रडल्या, तुमच्या मंडळी रडल्या, आन् आमची मंडळी महिनाभर माझ्याशी फक्त 'जेवण वाढलंय' एवढंच बोलली. साडूचा मान राखायला मी लेकीचं ऐकलं न्हाई. अहो, गाडीच्या पोटात कुठलं लोखंड बसवायचं हे कुणी रुसंल या भीतीनं ठरवायचं असतं का? पण ठरवलं. आम्हीच असले शहाणे.

मंग तुम्ही आलात. तीस वर्षं उसाचे ट्रक चालवलेला माणूस, काय तुमचा तोरा! लिंबाखाली गाडी जॅकवर चढवली, मागचा गोळा खोलला, गावातून वेल्डिंगचं मशीन मागवलं, आन् आतल्या चारी दातेरी चाकांना एकमेकांशी असं जोडून टाकलं की ब्रह्मदेव आला तरी सुटायची न्हाईत. प्रतिभा कमरेवर हात ठेवून विचारत होती, काका, पण वळताना काय व्हईल? मीच तिला म्हणालो, थोर माणसं काम करत असताना मधी बोलू नये. (हे वाक्य आठवलं की मला माझंच तोंड फोडावंसं वाटतं.) आन् खरं सांगायचं तर गाडी चिखलातून अशी बाहेर आली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुशीत येऊन कोंबडं कापलं. तुम्ही चार भाकरी खाल्ल्या, बायकांनी गोळ्याला हळदकुंकू लावलं, मी तुम्हाला टॉवेल-टोपी घालून, नारळ देऊन एसटीत बसवलं. तुम्ही खिडकीतून हात हलवत होतात. तो हात आता माझ्या डोळ्यांपुढून हलत न्हाई.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुहूर्ताची पहिली खेप मीच नेणार म्हणून स्टेअरिंगवर बसलो. प्रतिभा शेजारी. चिखलातून गाडी राणीसारखी आली, मी मिशीवरनं हात फिरवला. सडकेला लागलो. न्हावऱ्याच्या चौकात डावीकडं वळायचं. मी स्टेअरिंग वळवलं. पुढची चाकं वळली, आन् गाडी सरळ! रस्ता ओला, मागं सव्वीस कॅन, आन् मागची दोन्ही चाकं वेल्डनं एकमेकांना जखडलेली, दोन्ही सारखीच फिरणार, त्यांना वळण ठावच न्हाई. गाडी उड्या मारत, टायर किंचाळत नाकासमोर गेली. आन् नाकासमोर काय होतं? विश्वजीतदादांचा वाढदिवसाचा फ्लेक्स, भावी सरपंच, वीस फुटी. बांबूसकट तो अख्खा फ्लेक्स काचेवर आला. पन्नास पावलं मी विश्वजीतदादांच्या फाटलेल्या डाव्या डोळ्यातून रस्ता बघत गाडी चालवली. चौकापुढच्या पाण्याच्या हौदाला टेकून थांबलो तवा खाली उतरून बघतो तर खालच्या रांगेत शुभेच्छुक म्हणून माझाच फोटो, आन् त्याच्यावरनंच चाक गेलेलं.

दोन कॅन लवंडली. चौकातल्या कुत्र्यांची दिवाळी झाली. मी डोक्याला हात लावून बसलो, पण प्रतिभा बसली न्हाई. कांद्याचा एक टेम्पो शिक्रापूरला चालला होता, तो तिनं आडवी होऊन थांबवला, चोवीस कॅन पोत्यांवर चढवली, स्वतः वर बसली आन् सहाला दोन मिनिटं कमी असताना पोचली. तेवढ्यानं धंदा वाचला. तुमच्यामुळं न्हाई, माझ्यामुळं तर न्हाईच न्हाई.

मला मात्र दहा वाजता ग्रामपंचायतीत बोलावणं. विश्वजीतदादांची माणसं म्हणायला लागली, ह्यो घातपात हाय, विरोधकांनी हौसरावला फूस लावली. मी तासभर डिफरन्शियल समजावत होतो. शेवटी पंचायतीतल्या म्हाताऱ्या कोंडिबा आबांना मळणीच्या बैलांचं सांगितलं तवा त्यांच्या ध्यानात आलं. आबांनी चष्मा काढला आन् विचारलं, म्हंजी तू दोन्ही बैलांचे पाय एकमेकांना बांधून मळणीला सोडलेस व्हय? ही अक्कल कुणाची? मी तुमचं नाव सांगितलं. अख्खी पंचायत हसली. मग निकाल असा लागला की नवा फ्लेक्स मी स्वतः शिडीवर चढून बांधायचा, आन् त्यावर माझा फोटो असणार न्हाई. सोळा वर्षं प्रत्येक फ्लेक्सवर मी खालच्या रांगेत हाय, पाव्हणं! आता माझ्या जागेवर ठिबकवाला आलाय.

तर आता माझं म्हणणं ऐका. तुम्ही मिस्त्री न्हाई, तुम्ही कसाई हायसा. तुमच्या हातात वेल्डिंगची कांडी देणं म्हंजी माकडाच्या हातात कोलीत. माझ्या दारात परत पान्हा घेऊन आलात तर लिंबाला बांधून ठेवीन. आन् तो टॉवेल आन् ती टोपी सासूबाईंच्या हाती परत पाठवा. धुऊन पाठवा. नारळ फोडला असंल तर राहू द्या, मी कंजूष न्हाई.

जास्त काय लिहू, लिहिण्यासारखं अजून लई हाय, पण पानं संपली. थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुम्हाला काहीच न्हाई.

नाइलाजानं तुमचा साडू,
हौसराव

ता. क. शिरूरच्या मिस्त्रीनं वेल्ड केलेली आतली दातेरी चाकं काढून फेकली आन् प्रतिभानं सांगितलं होतं तेच बटणाचं बसवलं. परवापासून गाडी चालू हाय. चिखलात बटण दाबती, सडकेला आली की सोडती. वळती पण. आज पावणेसहालाच पोचली.

ता. क. दुसरा. रविवारी दुपारी गाडीची पूजा ठेवलीय. तुम्ही आन् मंडळी यायचंच हाय. तुम्ही न्हाई आलात तर सासूबाई परत रडणार आन् माझं बोलणं परत 'जेवण वाढलंय'वर येणार. कोंबडं आणून ठेवलंय. टॉवेल-टोपी पाठवू नका, घालूनच या. शपथेचं मी बघतो, खंडोबाला दंडवत घालून मोकळा व्हईन.

ता. क. तिसरा, आन् हे वाचून फाडून टाका. तुम्ही निघताना गाडीच्या डॅशबोर्डावर खडूनं लिहिलं होतं, 'फक्त शेतात. डांबरावर नेऊ नका. दोन दिवसांचा जुगाड. पोरगी म्हणती तेच बसवा.' ते मी वाचलं होतं. एसटीच्या खिडकीतून पण तुम्ही तेच वरडत होतात, मी टाटा समजल्यासारखं केलं. पूजेचा हार लावायचा होता म्हणून ते मीच ओल्या फडक्यानं पुसलं. म्हटलं चार लोकांत टाळ्या पडल्यात, आता दोन दिवसांचा जुगाड कसा म्हणायचा. आठ दिवस घरात सगळे तुम्हाला शिव्या देतायत आन् मी गप ऐकतोय. मला माफ करा, पाव्हणं. पण प्रतिभाला यातलं काही कळू देऊ नका.

काका, मी प्रतिभा. आजीची पिशवी भरताना पत्र वाचलं. खडू पुसला तरी काळ्या डॅशबोर्डावर ऊन पडलं की अक्षरं दिसत्यात. मला गॅरेजातच दिसली होती. बाबा आपणहून कवा सांगतात ते मी बघत होते, आज तुम्हाला तरी सांगितलं. रविवारी या, लाडू पण खा. पहिलं बटण मी दाबलंय, तेवढ्यावरनं रुसू नका.