टँकरचा अर्ज

१४ एप्रिल, सकाळी ७
पाड्याच्या बैठकीत टँकरचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. दहावीपर्यंत गेलेला मीच. धाकलूदादा म्हणाला, "मराठीत चार ओळी खरड. मी बाईकवर शहापूरच्या ऑफिसात देऊन येतो." इंग्रजीतच लिहिणार. इंग्रजी अर्ज वर ठेवतात. उद्या तयार.
विहिरीचं पाणी उतरलं: अठरापैकी बारा पायऱ्या उघड्या.

१७ एप्रिल
'वुई वॉन्ट वॉटर.' उद्धट वाटतं. 'विश' बरा, पण तो वाढदिवसाचा. रविवारी नक्की.

२२ एप्रिल
'डिझायर' सापडला. भारदस्त. डिक्शनरीत पुढे 'वासना' असंही दिलंय. ऑफिसात मॅडम आहेत. नको. नवा कागद घेतला.
रखमीकाकी दारातून ओरडली, "काय रे अनंता, तुझा कागद पिळला तर हंडाभर निघंल काय?" आईमागे हिनेच मला वाढवलं, म्हणून ऐकून घेतो.
पंधरा पायऱ्या.

२९ एप्रिल, दुपार
'नीड'. योग्य, पण लाचार. 'अर्जंट नीड' लिहावं, तर इतके दिवस काय करत होता विचारतील.
काकी म्हणते, सोळावी पायरी हलते. अर्जात घालावं का? विचार चालू.

४ मे
सगळ्या अठरा पायऱ्या उघड्या. बाया तळाला उतरून वाटीने पाणी भरतात. धाकलूदादाने विचारलं, "झाला काय?" म्हटलं, एकच शब्द राहिलाय. त्याने बाईकची किल्ली परत खिशात टाकली. बोलला असता तर बरं होतं.
काकीला सांगितलं, तू उतरू नको, टँकर आलाच. म्हणाली, "तवर तुला चा कशाचा देऊ?"
चहा घेतला. गढूळ होता.

८ मे, सकाळी ८
सापडला! 'वुड लाइक'. नम्र, तरी स्वाभिमानी. काकीला सांगायला गेलो. घरी नव्हती. हंडाही नव्हता.
विहिरीवरून बाया हाका मारतायत. माझंच नाव घेतात वाटतं. शेवटची ओळ पुरी करून जातो.

१२ मे
शहापूर. कारकुनाने माझा अर्ज न वाचता परत केला, छापील फॉर्म दिला. मराठीत. पाणी मागायचं वाक्य त्यावर आधीच छापलेलं असतं. भरायच्या जागा दोनच: पाड्याचं नाव, माणसं किती.
मी ४६ लिहिलं.
धाकलूदादा मागे उभा होता. हळूच म्हणाला, "पंचेचाळीस लिही, अनंता."
खोडलं. एवढी एकच खाडाखोड. बाकी अक्षर स्वच्छ आहे.