मनगटावरची गाठ आणि अर्धा कोयता

२८ ऑक्टोबर
उजव्या मनगटावर गाठ आली आहे. बोराएवढी. अजिबात दुखत नाही, हेच डेंजर. ऊसतोडीचा ट्रक परवा निघणार आणि कोयता धरायचा तो याच हाताने.

२९ ऑक्टोबर
गेवराईला डॉक्टरांना दाखवली. म्हणाले, सांध्याजवळच्या पिशवीत चिकट पाणी साचलंय, कॅन्सर वगैरे काही नाही, दुखत नसेल तर खुशाल काम करा, कधीकधी आपोआप जाते. कधीकधी! म्हणजे गॅरंटी नाही. रेस्ट घ्यायचं ठरवलं.

३० ऑक्टोबर, सकाळी ७
आमच्यात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा. माझ्या बायकोचा, मनिषाचा भाऊ उत्तरेश्वर यंदा अर्धाच, त्याची बायको बाळंतीण. म्हणून मनिषा त्याच्यासोबत गेली. ट्रकमध्ये चढताना, हाताला जपा म्हणाली. किती माया! पंधरा दिवसांत मागोमाग येतो असा शब्द दिलाय.

१६ नोव्हेंबर
गाठ तेवढीच. दोस्त सिदू म्हणाला, जाड पुस्तक आदळ बे, फुटती. डॉक्टरांनी तसलं करू नका म्हणून बजावलंय. शिवाय घरात जाड पुस्तक नाही. जाणं एक डिसेंबरला फिक्स.

१ डिसेंबर
थंडी. सांध्याचा मामला. रिस्क नको.

३ जानेवारी
फोन केला. मनिषा मोळ्या बांधत होती. गाठीची पूर्ण माहिती दिली, तेरा मिनिटं. गाडी भरायचीय, ठेवते म्हणाली. माझं फार टेन्शन घेते बिचारी.

९ फेब्रुवारी
गाठ गेली! कधी गेली कळलं नाही, चार दिवस बघायचंच राहिलं होतं. उद्या निघतो. आता पूर्ण कोयता!

११ फेब्रुवारी, कर्नाटक, फडावर
मनिषाला आधी मनगट दाखवलं. चांगलं झालं म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिच्या मनगटावर गाठ. माझ्या गाठीपेक्षा मोठी. कधीची, विचारलं. तिसरा हंगाम हाय, म्हणाली. सांगितलं का नाही? तर म्हणे, दुखत न्हाई, मग कावून सांगायचं?

दोन हंगाम मी तिच्या शेजारी उभा राहून ऊस तोडलाय.

फुडल्या साली बी दादासंगच येणार, मुकादमाला सांगितलंय, असंही म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने ताटात भाकरी वाढली, वर ठेचा दिला.

१३ फेब्रुवारी
गावी, चकलांब्याला परत. शेजारच्या मुक्ताबाईंनी विचारलं, लगेच कसे आलात? हात लई दुखतोय म्हणालो. मग दार लावून रडलो.